राघूची मान

आधीच सांगून ठेवते. भूत, भानामती, अंगात येणं, यातलं काही मी मानत नाही. आमच्या शेजारणीच्या अंगात दर मंगळवारी देवी यायची. एका मंगळवारी मी तिच्या हातात उकळत्या चहाची कपबशी दिली. देवीनं चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि मग प्यायला. त्या दिवसापासून मी तिथं नमस्कार करायचं सोडलं.

असल्या बाईनं अद्भुत अनुभवांच्या या सदरात कशाला लिहावं? नातसून दुपारी मला हे सदर वाचून दाखवते. तिला ही गोष्ट सांगितली तर म्हणाली, "आजी, लिहाच." माझं शिक्षण चौथीपर्यंत. शुद्धलेखन तिनं बघितलंय, बाकी सगळं माझं. आणि घाबरायच्या तयारीनं कुणी बसू नका... हे भर दिवसा घडलं, आणि त्या दिवशी मी जेवढी हसले तेवढी माझ्या लग्नातसुद्धा हसले नाही.

मी येवल्याची. घरात माग होता, तो आईचा. वडील दुसऱ्याच्या कारखान्यात साधे काठ विणायचे. आई पैठणीचा पदर विणायची आणि पदरात तिचा राघू असायचा. आमच्याकडे नक्षी कागदावर नसे, गाण्यात असे. गाणं ज्याचं त्याचं. आईनं तिच्या राघूचं गाणं स्वतः रचलेलं होतं. त्यात अंगण म्हणजे मोकळी जमीन, पान म्हणजे हिरव्या रेशमाची कांडी, हळद म्हणजे पिवळी, कुंकू म्हणजे तांबडी, तांदूळ म्हणजे पांढरी, काजळ म्हणजे काळी. गाणं म्हणत जायचं, त्या त्या रंगाची कांडी घालत जायची. ओळ संपली की आई जिभेनं 'टॉक्' करायची. म्हणजे काठाशी आलीस, आता परत फीर.

राघू पायाकडून वर विणतात. मला आईनं शेपटी, पाय, पोट, पंख इथपर्यंतचं गाणं शिकवलं. म्हणाली, "मानेचं नंतर. तुझा हात पदराच्या पलीकडं पोचायला लागला की देईन." आमच्याकडे तशीच रीत होती. हात पोचायच्या आधी आई तापानं गेली. मी आठ वर्षांची होते.

म्हणजे माझ्याजवळ राघू होता, पण बिनमानेचा. वडिलांनी एकदा आपल्या मनानं मान घातली. कोंबडी दिसली. चुलत्यांनी घातली, ती बाभळीच्या शेंगेसारखी. आईच्या साड्या सगळ्या विकल्या गेलेल्या, घरात बघायला एक धागा नाही. मला एवढंच आठवत होतं की आईचा राघू मान वळवून मागं बघायचा. वडील म्हणायचे, "लहान होतीस, कापड उलटीकडून बघितलं असशील." पण कापड उलटं केलं तर अख्खा राघू फिरतो, नुसती मान कशी फिरेल? तरी वडिलांशी कोण वाद घालणार... मीही हळूहळू गप्प बसले. पुढं हे कुणापाशी बोलले नाही.

नवे पैसे आले त्या वर्षी, म्हणजे सत्तावन्न साली, एका संस्थेच्या विणकाम वर्गातून आम्हा चार मुलींना दक्षिणेत पाठवलं. तिथं कुंभकोणमजवळ तिरुभुवनमला रेशमी साड्यांचे माग आहेत. काठ वेगळा विणून अंगाला कसा जोडतात ते सहा महिने शिकायचं. मी, शेवंता, लीला आणि हौसा. बरोबर आमच्या बाई. त्या चाळिशीच्या, नाकासमोर चालणाऱ्या, अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली. सगळ्यांच्या देखत त्यांनी मला बजावलं होतं, "प्रत्येकीनं शेवटी आपल्या घरची नक्षी विणून दाखवायची. तुझ्या राघूला मान आली तर बरं. नाही आली तर तुला पदरावर बसवता येणार नाही, कांड्या भरायच्या." बाईंचं चूक नव्हतं. अर्धा पक्षी कोण विकत घेईल? पण कांड्या भरायला लागले की आईचा राघू संपला, हे मला कळत होतं. त्या वेळी माझं वय एकोणीस.

आता हे आजकाल कुणाला खरं वाटणार नाही, पण येवल्याच्या मुलीला तेव्हा कुंभकोणम म्हणजे परदेशच. भाषा कळेना, पाटी वाचता येईना. तंजावरहून सकाळच्या गाडीत बसलो. पापनाशम् गेलं, मग एक छोटं स्टेशन आलं, सुंदरपेरुमाळ कोयिल. हौसा ते नाव म्हणायला गेली आणि मधेच अडकली.

"हे म्हणेस्तोवर गाडी पुढच्या गावाला पोचते," ती म्हणाली. "इथल्या पोरींना हाका कशा मारत असतील गं?"

"तुझ्यासारखीला हाक मारावीच लागत नाही," लीला म्हणाली. "वाढलं की येतेस."

कुंभकोणमला उतरलो तर कळलं, आज आयुधपूजा. म्हणजे आपली खंडेनवमी. माग बंद, दुकानं निम्मी बंद, तिरुभुवनमला उद्या दसऱ्यालाच जायचं. बाई वैतागल्या. आम्ही चौघी मनातून अशा खूश झालो की बाईंनी आमच्याकडे बघून, "दात आत घ्या," असं म्हटलं.

चत्रमात, म्हणजे तिथल्या धर्मशाळेत, ट्रंका टाकल्या आणि हिंडायला निघालो. काय गाव होतं! दर चार घरांमागं एक गोपुर. घोड्याच्या गाड्या, त्यांच्या चाकांना झेंडूच्या माळा. सायकलला कुंकू, शिवणयंत्राला कुंकू, न्हाव्याच्या वस्तऱ्यालासुद्धा गंध लावलेलं. पितळी भांड्यांच्या गल्लीत सगळी भांडी अशी घासून मांडलेली की शेवंता एका घागरीत बघून वेणी घालायला लागली. दुकानदार तमिळमध्ये काहीतरी ओरडला. शेवंतानं त्याला मराठीत, "झालंच हं दादा," म्हणून सांगितलं आणि वेणी पुरी केली. एका खानावळीत पितळी वाटी-पेल्यातून कॉफी प्यायलो. वाढणारा ती हात उंच करून वरून ओतायचा, एक थेंब बाहेर नाही. हौसानं ते पुन्हा बघायचं म्हणून दुसरी कॉफी मागितली, आणि मग तिसरी.

महामहम तळ्याच्या मागच्या गल्लीतून जाताना आम्ही नेहमीसारख्या मोठ्यानं भांडत होतो. कोणत्या गोपुरावरची माकडं खरी आणि कोणती दगडाची, हा वाद. तेवढ्यात एका घराच्या ओट्यावरून आवाज आला.

"अय्यो! कोण गांवची गे तुम्ही? आमची भाषा बोलतां!"

आम्ही जागच्या जागी थांबलो. काठापदराचं नऊवारी नेसलेली, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या घातलेली बाई. नाव अंबुजाबाई. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात तिकडे गेलेले, तेव्हापासून तिथलेच. बोलणं मराठी, पण असं की आमच्या पणजीनंही म्हटलं नसतं, आणि सूर सगळा तमिळ.

"आंत या, बैसा. कोलु पाहिल्यावांचून जायाचें नाही," त्या म्हणाल्या.

कोलु म्हणजे नवरात्रात पायऱ्यापायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना बोलवायचं, हळदकुंकू द्यायचं, आणि मुलींनी बाहुल्यांपुढं एक गाणं म्हणायचंच. म्हटल्याशिवाय सुंडल, म्हणजे खोबरं घातलेली हरभऱ्याची उसळ, मिळत नाही. खालच्या पायरीवर घरातली सगळी पुस्तकं, दौत, टाक सरस्वतीपुढं ठेवलेले. अंबुजाबाईंनी आमच्या बाईंच्या अंबाड्याकडं बघितलं, हात घातला आणि पेन्सिल काढून देवीपुढं ठेवून दिली.

"अहो, माझी पेन्सिल!"

"आज लिहिणें नाही, वाचणें नाही. सरस्वती निजली आहे. उद्यां सकाळीं न्या."

हौसा तोंडात पदर घालून हसत होती.

घरात अंबुजाबाई, त्यांच्या सूनबाई आणि पाच वर्षांची नात रुकू. सूनबाई पापनाशमच्या, तमिळ घरातल्या. रुकूला आज कृष्ण केलेलं. डोक्याला मोरपीस, कोळशाच्या मिशा आणि मुठीत सुंडल. ती बाहुल्यांच्या पायऱ्यांना टेकून बसली होती. तिचं बोलणं निम्मं आजीचं, निम्मं आईचं.

शेवंतानं भूपाळी म्हटली, लीलानं आरती. हौसानं बडबडगीत म्हणून सुंडल मिळवलं. माझी पाळी आली. माझा आवाज म्हणजे भाकरी थापल्यासारखा, आणि देवाचं एक गाणं पुरतं येत नाही. अंबुजाबाई सोडेनात.

"पूर्ण येतं असं एकही नाही हो मला," मी म्हणाले.

"अर्धें येतें तें म्हण. देवी काय मोजत बैसली आहे?"

तेव्हा आईचं गाणं म्हटलं. "अंगण अंगण, पान पान, हळदीशेजारी पान गं..." त्यांना ते हळदीकुंकवाचंच गाणं वाटलं, सासू-सुना दोघी खूश झाल्या. ओळीअखेरचं टॉक् मी केलं नाही. परक्या घरात, देवीपुढं, बाईमाणसानं जीभ कशाला वाजवायची? पंखांपर्यंत आले आणि नेहमीच्या जागी थांबले.

"इन्नुम् इरुक्कु!" रुकू ओरडली.

"अजून आहे, म्हणते," अंबुजाबाई हसल्या.

"असेल. मला नाही येत," मी म्हणाले.

मग ती पोरगी तोंडातला हरभरा गालात सारून गायला लागली. माझ्या भाकरीच्या सुरात नाही, माझ्या आईच्या सुरात. "अंगण अंगण, पान एक, पानाच्या पाठी पान गं," आणि ओळ संपली तशी जिभेनं टॉक्! दुसरी ओळ. टॉक्! माझ्याशिवाय तिथं कुणालाच हे टॉक् माहीत नव्हतं. मी म्हटलं नव्हतं, सांगितलं नव्हतं. माझे हात मांडीवर आपोआप कांड्या टाकायला लागले. अशा पाच ओळी तिनं म्हटल्या, शेवटचं टॉक् केलं आणि पुन्हा सुंडल खायला लागली.

सूनबाई तमिळमध्ये लेकीला काही विचारत होत्या. अंबुजाबाई म्हणाल्या, "हें तिला आम्ही नाही शिकविलें गे. हें आमच्या बोलण्यासारखेंही नाही."

"रुकू, पुन्हा म्हण गं," मी म्हणाले.

"मुडिंजुदु," रुकू म्हणाली. म्हणजे संपलं.

"कुणी शिकवलं तुला?"

तिनं माझ्याकडं बघितलं, जसं काय सूर्याला उगवायला कुणी शिकवलं असं मी विचारलं होतं. "मला येतें," म्हणाली, आणि मोरपीस सावरत पळाली.

"लिहून घ्या! बाई, पेन्सिल!" मी ओरडले.

बाईंचा हात अंबाड्याकडं गेला आणि रिकामा खाली आला. पेन्सिल देवीपुढं. अंबुजाबाई दोन्ही हात पसरून पायऱ्यांच्या आडव्या उभ्या. "पाय धरतें, पण आज नको. नातीला उद्यां पहिलें अक्षर गिरवायाचें आहे." बाई त्यांच्याशी भांडतील असं वाटलं. वर्गात अंधश्रद्धेवर सगळ्यात मोठ्यानं त्याच बोलायच्या. पण त्या वळून म्हणाल्या, "पोरींनो, एकेकीनं एकेक ओळ धरा. लीला पहिली. दुसरी माझी. हौसा तिसरी, शेवंता चौथी, ही पाचवी धरेल. ओळ सोडून दुसरं अक्षर तोंडातून काढायचं नाही. चला."

अंबुजाबाईंनी प्रत्येकीच्या ओटीत विड्याची पानं, हळद, कुंकू, तांदूळ, फुलं घातली. आम्ही आभारसुद्धा मानले नाहीत, नुसत्या माना हलवल्या.

मग ती वरात कुंभकोणमच्या रस्त्यानं निघाली. पुढं बाई पुटपुटताहेत, मागं आम्ही चौघी पुटपुटतोय, कुणी कुणाकडं बघत नाही. दुसरीची ओळ कानात शिरली की आपली गेलीच! तळ्याच्या पायऱ्यांवर बसलेल्या म्हाताऱ्यांना वाटलं आम्ही जप करतोय. एकीनं उठून बाईंच्या पाया पडून घेतलं. बाईंना तिला आशीर्वाद देता येईना. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून "पान पान, हळद दोन" म्हटलं. म्हातारी समाधानानं गेली. सकाळचा कॉफीवाला दारातून हौसाला हाक मारत होता, हातानं उंचावरून ओतायची नक्कल करून दाखवत होता. हौसाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती थांबली नाही. माझ्या पोटात हसू मावत नव्हतं आणि हसले तर ओळ जाणार. एवढा त्रास मला बाळंतपणातही झाला नाही.

देवळाच्या कोपऱ्यावर हत्ती उभा होता. आयुधपूजेला त्यालाही नटवलेलं. आम्ही खाली बघून चाललेल्या. हत्तीला वाटलं, ही पोरगी आशीर्वादालाच आली. त्यानं सोंड उचलली आणि हौसाच्या डोक्यावर ठेवली.

हौसानं किंकाळी फोडली. गल्ली दणाणली. आम्ही चौघी थिजलो... गेली. तिसरी ओळ गेली. बाईंनी डोळे मिटले.

पण ती किंकाळी कशी होती, तर "तांदूळ एक, काजळ एक, तांदूळ पुन्हा झाक गंऽऽऽ!" एवढ्या भीतीतसुद्धा पोरीच्या तोंडून दुसरं अक्षर बाहेर पडलं नाही. माहूत हत्तीला धरून हसत होता, कशाला ते त्यालाही माहीत नव्हतं.

चत्रमाच्या ओसरीवर तांबडी गुळगुळीत फरशी होती. माग नव्हता, तर फरशीवर मांडायला बसलो. ओटीतली विड्याची पानं कातरीनं बारीक कापली, झेंडूच्या पाकळ्या सोडवल्या, तांदूळ, तांबड्या कण्हेरीचे तुकडे. काजळ नव्हतं, शेवंतानं चुलीतला कोळसा आणला. मोकळी फरशी ते अंगण. मी खालून सुरुवात केली. शेपटी, पाय, पोट, पंख. हे माझं. मग लीलानं तिची ओळ म्हटली, मी मांडली. मान उचलली गेली. बाईंनी त्यांची म्हटली. डोकं गोल व्हायला लागलं. हौसानं तिची म्हटली, या वेळी हळू. पांढरं, काळं, पांढरं. डोळा! चौघी ओरडल्या. मी ओरडले नाही, कारण तो डोळा मला वाटलं त्या बाजूला आला नव्हता.

शेवंताची ओळ चोचीची. "अंगण एक, कुंकू दोन..." मी कुंकवाच्या जागी कण्हेर ठेवली आणि हात थांबला. चोच शेपटीच्या बाजूला होती.

"चुकलं का गं?" शेवंता घाबरली. "मी बरोबर धरलेली, आईशप्पथ."

"नाही चुकलं," मी म्हणाले. शेवटची ओळ मांडली. माथा बंद झाला. फरशीवर पानाफुलांचा राघू बसला होता आणि मान वळवून मागं बघत होता.

बाईंनी वाकून मानेच्या पाचही ओळी मोजल्या. मग म्हणाल्या, "पदरावर बसायचं तू," आणि सवयीनं अंबाड्यात पेन्सिल शोधायला लागल्या. त्यावर हौसा जी हसली, तिच्यामागं आम्ही सगळ्या, आणि शेवटी बाईसुद्धा भिंतीला टेकून. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते कशाचं ते मी तेव्हाही तपासलं नाही.

सहा महिन्यांनी तिरुभुवनमला मी तो राघू रेशमात विणला. तिथल्या वस्तादांनी मानेवर बोट ठेवून शेजारच्या मागावरच्या सगळ्यांना बोलावून दाखवला. कांड्या मी कधी भरल्या नाहीत.

आता विचार करून झाला तो सांगते. माझी आई नाशिकच्या पलीकडे गेली नव्हती. अंबुजाबाईंच्या घरातलं कुणी मद्रासच्या वर गेलं नव्हतं. त्या सहा महिन्यांत मी दर रविवारी त्यांच्याकडे जायची. रुकू मांडीवर येऊन बसायची, पण गाणं म्हण म्हटलं की, "तुमचा पाट्टु तुम्हीच म्हणा." तिला त्यातलं एक अक्षर पुन्हा आलं नाही. शेवंता म्हणायची, तू लहानपणी सगळं ऐकलं असशील, ते डोक्यात असेल. असेल, पण माझ्या डोक्यातलं रुकूच्या तोंडात कसं आलं? बाई म्हणायच्या, पोरीनं वाटेल ते शब्द जुळवले, योगायोगानं जमले. म्हणून मी एकदा नातवंडांना बसवून वाटेल ते शब्द जुळवायला लावले आणि तसं विणून बघितलं. कापडावर कालवण सांडल्यासारखं दिसत होतं.

कुणाला काही सुचलं तर या सदरात कळवा. आत्मा, पुनर्जन्म वगैरे कळवू नका, ते मी मानत नाही. दुसरं काय असेल ते मला माहीत नाही, आणि आता या वयात माहीत होईल असं वाटतही नाही.

एक मात्र केलं. मुलगी झाली तेव्हा तिचा हात पोचायची वाट बघितली नाही. पाळण्यात होती तेव्हापासून तिला शेपटीपासून माथ्यापर्यंत सगळं गाणं म्हणून दाखवत होते, माझ्या भाकरीच्या आवाजात, टॉक्‌सकट.